मालकांना आत पाठवा

झुंबरबाईच्या तोंडाला लागू नका, असं गिरणेकाठच्या त्या गावात नव्या सुनांना पहिल्याच आठवड्यात बजावतात. जन्मजात फटकळ आहे म्हणे. साफ खोटं. लग्न होऊन आली तेव्हा ती इतकी गरीब होती, की सुनेला जीभ आहे की नाही ते तोंड उघडून बघावं लागेल, असं सासू भिकुबाई शेजारणींना हसत सांगायची. ही जीभ तिला नंतर आली, आणि ती आणली तिच्या नवऱ्याने, केळीवाल्या मोतीलालने.

लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. तोंड सुजलेलं असायचं, विंचरताना केसांचे झुपके हातात यायचे. चैत्रात बाकीच्या बायका पदराने वारा घेत आणि ही अंगावर गोधडी ओढून बसे. भाकरी थापता थापता डोळा लागायचा. घरात या सगळ्याला एकच नाव होतं, आळस. आळशी बाईच्या पोटात पोरही टिकत नाही, हे भिकुबाईचं शास्त्र. कुठल्या पोथीत लिहिलंय ते, असं विचारायची छाती तेव्हा कुणालाच नव्हती.

८८ साली मोतीलाल तिला जळगावला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी तिचा गळा चाचपला, रक्त घेतलं, ते मुंबईला तपासायला गेलं. रिपोर्ट आल्यावर दोघं पुन्हा गेली. झुंबर बाहेर बाकावर. आतून आवाज आला, "मालकांना आत पाठवा." आजार झुंबरच्या गळ्यातला, गेलेली पोरं झुंबरच्या पोटातली, आणि बोलणं मोतीलालशी! बाई असून बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. मोतीलालही रुबाबात आत गेला. बाहेर येऊन म्हणाला, "गळामानी थायरॉईडनी गाठ सुस्त शे. रोज सकाळी चहाना पहिले एक गोळी लेवानी." एवढंच.

गोळीने काही महिन्यांत तिच्या चेहऱ्याची सूज उतरली, थंडी पळाली. घरात सगळ्यांच्या आधी उठून ती अंगण झाडू लागली. आळस कुठे गेला, हे मात्र कुणी विचारलं नाही. वर्षाच्या आत तिला पुन्हा दिवस राहिले.

भिकुबाई त्या दिवशी सुनेच्या हातात गूळ ठेवून म्हणाली, "पोट ऱ्हायनं ना आते? मंग गोळीनं काय काम? तिनी गरमी पोरले बाधी." झुंबरने नवऱ्याकडे पाहिलं. तो बंडीच्या गुंड्या लावत म्हणाला, "माय म्हनस तसं कर." तिने गोळी बंद केली. चौथ्या महिन्यात पोर गेलं. मुलगा होता. दाईने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर झुंबर सासूला मनातल्या मनात शिव्या देत राहिली. भिकुबाई उघडपणे तिच्या पायगुणाला नावं ठेवत राहिली. मोतीलाल दोघींच्या मधून खाली मान घालून मळ्यात जायचा. बिचारा, असं गाव म्हणायचं.

पुढच्या उन्हाळ्यात, भावाकडे जाते सांगून, ती एकटीच एस.टी.ने जळगावला गेली. बाईंनी सगळं ऐकलं आणि त्याच भडकल्या. "गोळी बंद कुणी केली? दिवस राहिले की लगेच या, गोळी वाढवायला लागेल, बंद अजिबात करायची नाही, असं मी तुमच्या मिस्टरांना बजावून सांगितलं होतं! चालू असती तर मूल वाचायची पुष्कळ आशा होती."

"माले काबर नही सांगं?"

"त्यांना सांगितलं म्हणजे तुम्हाला सांगितलंच की."

झुंबरला वाटलं, खुर्चीसकट उचलून आपटावं या बाईला. वर्षभर ती चुकीच्या माणसाला शिव्या देत होती. भिकुबाईला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं!

ती तशीच थेट मळ्यात गेली. मोतीलाल केळीला पाणी भरत होता.

"गोळी बंद करानी नही, असं डॉक्टरीणनी तुम्हले सांगेल व्हतं?"

तो फावड्याकडे बघत राहिला. "सांगेल व्हतं. पन माय म्हने गरमी व्हई. मायले कसं तोडी बोलू?"

याच मायने मागे केळीला खत कमी टाक म्हटलं, तेव्हा हा खो खो हसला होता. तुला काय कळतं म्हणाला होता. कुठल्या ओळीला कुठलं खत कधी, सगळं याला पाठ.

"केळ निसवनी, घड भाईर पडना, म्हनजे तुम्ही पानी बंद करतस का? मायनी सांगं तरी?"

"केळीनं येगळं शे. केळीनं मी जानस."

"मंग मनं जानाकरताच डॉक्टरीणनी बलायं व्हतं ना तुम्हले मझार!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या मळ्यातली माणसं बांधावर आली. त्या दिवशी गावाने तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

पुढे ती दवाखान्यात स्वतः आत जाऊ लागली. पुन्हा दिवस राहिले, गोळी वाढली, भिकुबाई पुटपुटत राहिली, आणि भरल्या दिवसांनी मुलगी झाली, धडधाकट.

पाचवीला घर बायकांनी भरलं. मोतीलाल दारात पेढे वाटत होता. शेजारची दगडीबाई कौतुकाने म्हणाली, "मोतीलालभाऊ देवमानूस शे वं! दुसरा कोनी ऱ्हाता, ते दुसरी बायको करी टाकता." सगळ्या माना हलल्या. मोतीलाल लाजून हसला.

झुंबरने बाळाचं तोंड छातीशी लावलं आणि बाजेवरूनच म्हणाली, "कराले पाहिजे व्हती, पोऱ्या पोटमा व्हता तवयच. मी बापना घर जाती, डॉक्टरीणले मीच इचारती, नि मना पोऱ्या आज जिता ऱ्हाता."