मोजणीदारांची गाडी आणि बावीस सेंटिमीटर

मोजणीदारांची गाडी इमारतीत आली ती खलनायकाच्या पहिल्या प्रवेशासारखी. आधी आवाज, मग डोळे दिपवणारा उजेड, आणि सगळ्यात शेवटी ते अवाढव्य अंग. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई हातातलं काम टाकून गॅलरीत आल्या. मोजणीदारांनी दार उघडून खाली उडी मारली, कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि कुणी न विचारताच सांगितलं, "चारही चाकांना जोर आहे हिच्या."

"छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण जायचंय कुठं?"

मोजणीदारांना हा प्रश्न फार लागला. माणसानं नवी गाडी आणावी आणि लोकांनी असलं काहीतरी विचारावं! पुढं वर्षभर तो प्रश्न त्यांना कुणी ना कुणी विचारतच राहिलं, आणि दर वेळी त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

तसा त्यांचा हट्ट अगदीच हवेतला नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या होत्या. जिथं रस्ता संपतो तिथं त्यांचं काम सुरू व्हायचं. दगडगोट्यांचे उतार, चिखलानं भरलेली शिवारं, पाणी ओसरलेली नदीची पात्रं, आणि या सगळ्यातून त्यांना नेणारी कचेरीची जुनी, चार चाकांच्या जोराची गाडी. एकदा पात्राच्या मधोमध मागची दोन्ही चाकं गाळात रुतली आणि वरच्या अंगानं पाणी वाढायला लागलं. टेपचं दुसरं टोक धरणारा सोबती रडकुंडीला आला होता. मोजणीदारांनी पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला, आणि ती म्हातारी गाडी कण्हत, थरथरत, इंच इंच करत काठावर चढली. ही गोष्ट ते सांगायला लागले की ऐकणाऱ्याच्या पायाखालीसुद्धा गाळ सरकायचा. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की निवृत्त झालो की अशीच गाडी घ्यायची. आणि घेतली. फक्त आता ते राहत होते ते गावाच्या मधोमध, डांबरी गल्लीत, आणि वाटेतला सगळ्यात मोठा चढ म्हणजे इमारतीच्या फाटकातला उंबरठा होता.

मोजणीदारांची एक सवय घरात सगळ्यांना पाठ होती. मोजणीच्या कामात एक शिस्त असते. टेपच्या त्या टोकाचा माणूस आकडा ओरडून सांगतो, आणि लिहिणारा तो मोठ्यानं परत म्हणतो. परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, आणि परत ऐकल्याशिवाय त्या टोकाच्या माणसानं जागा सोडायची नाही. घरीही तेच चालायचं. बायकोनं "दोन लिटर दूध" म्हटलं की दारातून "दोन लिटर" असा आवाज यायचा. लेक लहानपणी परीक्षेचे गुण सांगायची तेव्हा बाबा ते अशा आवाजात परत म्हणायचे की शेजाऱ्यांनाही कळायचे.

इतका शिस्तीचा माणूस, त्यानं गाडी घेण्याआधी इमारतीखालची गाडी लावायची जागा मोजली नसेल असं कसं होईल? सकाळी मोजली, दुपारी मोजली. दोन खांबांच्या मध्ये दोन मीटर तीस. गाडीची रुंदी एक मीटर पंच्याण्णव. गाडी आत गेली तेव्हा दोन्ही बाजूंना साडेसतरा साडेसतरा सेंटिमीटर राहिले, आणि मोजणीदारांचा चेहरा उजळला. मग त्यांनी उतरायला दार ढकललं. ते खांबाला लागलं. दुसऱ्या बाजूचं ढकललं. तेही लागलं. शेवटी ते सीटांवरून रांगत मागे गेले आणि मागच्या दारातून, सामान उतरावं तसे, उतरले. तेव्हापासून रोजचा तोच मार्ग. बासष्टाव्या वर्षी.

त्यांची बायको शिवणकाम करायची. चाळीस वर्षं तिनं लोकांची मापं घेतली होती, आणि नवऱ्याची ही कसरत पाहून तिनं एवढंच म्हटलं, "अहो, मी कापड बेतताना दोन बोटं जास्त ठेवते. माणूस हलतो, बसतो, जेवतो. तुम्ही खांबाला खांब लावून बेतलंत."

"जमीन हलत नाही," मोजणीदार म्हणाले.

"जमीन गाडीत बसणार आहे का?"

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

सर्जननी नवा गुडघा बसवला आणि बजावून सांगितलं की आता खरं काम व्यायामाचं आहे. सहा आठवड्यांत गुडघा नव्वद अंशांत वाकला पाहिजे. नाहीच वाकला, तर पुन्हा भूल देऊन तो जोर लावून वाकवावा लागेल. हे ऐकताना तिनं नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की त्यांच्या बोटांवर वळ उठले. पहिल्या ऑपरेशनच्या भुलीतून बाहेर येताना ती दोन दिवस माणसं ओळखत नव्हती. पुन्हा ते नको, एवढंच ती म्हणाली. मोजणीदारांनी परत म्हटलं, "सहा आठवडे. नव्वद अंश."

पहिले दोन आठवडे लेक तिला व्यायामाच्या दवाखान्यात आपल्या छोट्या गाडीतून नेत होती. ती गाडी मोजणीदारांच्या मते साबणाची डबी होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की लेकीला कचेरी आहे, घर आहे, आणि आपल्या बायकोला नेणारा नवरा अजून जिवंत आहे. लेकीनं खूप समजावलं. आईला चढता येणार नाही, तिथं उभं करायला जागा नाही, गल्लीत वळणार नाही. मोजणीदारांनी या सगळ्याला एकच उत्तर दिलं. पाऊस आला, रस्ते तुंबले, तर तुझी डबी वाहून जाईल.

पाऊस काही आला नाही. रस्ते कोरडे ठणठणीत होते.

व्यायामाची वेळ साडेआठची. आठला मोजणीदार मागच्या दारातून आत रांगत जायचे आणि गाडी बाहेर रस्त्यावर आणायचे. फाटकात काठी टेकत उभी असलेली बायको वर पाहायची. दाराच्या कडीला धरून ती चांगला पाय उचलायची, तो पुरेसा उचलला जायचा नाही, मग मोजणीदार खांदा लावून तिला वर ढकलायचे, आणि दुखरा पाय दाराच्या कडेवर आपटायचा. ती ओठ चावून कण्हायची. मग कोपरा. पाववाल्याच्या दुकानापाशी लेकीची गाडी एका दमात वळायची, यांना चार वेळा पुढं-मागं करावं लागायचं. पाववाला बाहेर येऊन "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायला लागला तेव्हा मोजणीदारांनी त्याच्याकडून पाव घेणं बंद केलं. आणि व्यायामाच्या दवाखान्याच्या इमारतीत गाड्या लावायला तळघर होतं, त्याच्या तोंडाशी आडवी दांडी, तिच्यावर लिहिलेलं, उंची दोन मीटर. वरच्या लोखंडी जाळीसकट यांची गाडी दोन मीटर सात. जाळी कशाला होती? डोंगरात सामान ठेवायला. तेव्हा बायकोला दारात उतरवायचं आणि मग गाडी लावायला दोन गल्ल्या पलीकडं जायचं.

व्यायाम करून घेणारी मुलगी तिशीतली, शांत, पण वेळेची पक्की. पाऊण तासाची पाळी असायची. पंधरा मिनिटं उशीर झाला की पाळी पुढच्याची. तिसऱ्या आठवड्यात एक पाळी गेली, चौथ्यात दोन. ज्या दिवशी वेळेवर पोचले त्या दिवशी गुडघा सुजलेला. मुलीनं अंश दाखवणारी पट्टी लावून पाहिली आणि म्हणाली, "काकू, गेल्या सोमवारी बहात्तर होता. आज अडुसष्ट. तुम्ही घरी कशावर चढताय का?"

काकूंनी नवऱ्याकडं पाहिलं. काका भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र पाहत होते.

त्या संध्याकाळी मोजणीदारांनी लाकडाची एक पायरी केली. करवत काढली, रंधा मारला, चार खिळ्यांऐवजी आठ मारले. काम देखणं झालं होतं. बायकोनं त्यावर हात फिरवून पाहिला. एवढी माया असलेला माणूस एवढा हट्टी कसा, हा विचार तिच्या मनात आला असेल, पण तिनं फक्त कडेची टोचणारी कूस काढून टाकायला सांगितली. पायरीमुळं चढणं खरंच सोपं झालं. फक्त आता बायकोला वर बसवायचं, पायरी उचलायची, वळसा घालून मागं जायचं, मागच्या दारावरचं जड जादा चाक सांभाळत दार उघडायचं, पायरी आत टाकायची, आणि तोवर मागच्या गाड्यांनी जो भोंग्यांचा गजर मांडलेला असायचा त्यात स्वतः चढून बसायचं. पोचल्यावर हेच सगळं उलटं.

पाचव्या आठवड्याचा बुधवार. त्या दिवशी निघायलाच उशीर झाला होता, आणि मागं शाळेची बस लागली होती. बसवाला भोंग्यावरचा हात काढत नव्हता. मोजणीदारांनी बायकोला वर बसवलं, दार लावलं, धावत आपल्या बाजूला गेले आणि गाडी हाकली. मागं काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज आला.

"अहो, काहीतरी मोडलं."

"कुणीतरी टाकलं असेल काही. आपल्याला जाणवलंसुद्धा नाही बघ." आवाजात अभिमान होता. वर्षभरात गाडी पहिल्यांदाच कशावर तरी चढली होती.

ती कशावर चढली होती हे त्यांना दवाखान्याच्या दारात कळलं. मागचं दार उघडलं तर पायरी नाही.

बायको वर, मोजणीदार खाली. ती उतरायची कशी? त्यांनी हात पुढं केले. तिनं खाली पाहिलं आणि मान हलवली. मागं गाड्यांची रांग लागली. आठ पस्तीस झाले, आठ चाळीस, आठ पंचेचाळीस. पाळी गेली. भोंगे ऐकून व्यायामवाली मुलगी खाली आली आणि क्षणभर ते दृश्य पाहतच राहिली. बंद दुकानाच्या वरच्या फळीवर राहिलेल्या बरणीसारख्या काकू, आणि खाली हात पसरून उभे काका.

"टेप आहे खिशात?" बायकोनं विचारलं.

टेप कायम असायची.

"मोजा. जमिनीपासून इथवर."

"आत्ता?"

"आत्ता."

मोजणीदारांनी टेप लावली. पाय ठेवायच्या जागेपर्यंत त्रेपन्न सेंटिमीटर. "त्रेपन्न," ते म्हणाले, आणि तिनं वरून शिस्तीत परत म्हटलं, "त्रेपन्न."

मग तिनं मुलीला विचारलं, "आणि माझा दुखरा पाय किती उचलतो गं? परवा तू मोजलास ना?"

"बावीस, काकू. तोही आधाराला धरून."

"बावीस," बायकोनं नवऱ्याकडं पाहून सांगितलं, आणि थांबली.

मोजणीदार टेप गुंडाळत राहिले. मागचा माणूस गाडीतून उतरून हातवारे करायला लागला. मुलगी अवघडून कधी यांच्याकडं, कधी त्यांच्याकडं बघत होती. चौतीस वर्षांत उन्हातान्हात, वाऱ्यापावसात, भांडकुदळ शेजाऱ्यांच्या शिव्या खात त्यांनी लाखो आकडे परत म्हटले होते. हा एक आकडा मात्र त्यांना परत म्हणवेना.

"बावीस," ती पुन्हा म्हणाली. "परत म्हणा. तोवर मी जागा सोडत नाही."

त्यांना सगळ्यांचा राग आला. मागच्या माणसाचा, आडव्या दांडीचा, पाववाल्याचा, न आलेल्या पावसाचा. आणि हिचाही, की चाळीस वर्षं माणसं मोजणाऱ्या बाईनं हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं. मग त्यांना आठवलं की सांगितलं होतं. दोन बोटं जास्त ठेवायला सांगितलं होतं.

"बावीस," ते म्हणाले. जेमतेम ऐकू आलं, पण म्हणाले.

मुलीनं वरून व्यायामाची पायरी आणली, आणि दोघांनी मिळून काकूंना उतरवलं.

संध्याकाळी मोजणीदार लेकीकडं गेले. दारातच उभं राहून, पायातलं न काढता, सकाळी आठ ते दहा तिची गाडी मिळेल का असं त्यांनी विचारलं. लेक काही टोमणा मारणार होती, पण बाबांचा चेहरा बघून तिनं तो गिळला आणि किल्ली दिली. बदल्यात यांनी मोठ्या गाडीची किल्ली पुढं केली.

"नको बाबा. माझ्या कचेरीत तिला उभं करायला जागा नाही."

शुक्रवारी साबणाची डबी फाटकाशी उभी राहिली. बायको आधी सीटवर टेकली, मग पाय एकेक करून आत घेतले, जशी घरी पलंगावर बसते तशी. ढकलणं नाही, कण्हणं नाही. मोजणीदारांचे गुडघे मात्र हातातल्या चाकाला लागत होते, डोकं छताला, आणि समोर पाहावं तर ट्रकची मागची पाटी. वाटभर ते कुरकुरत होते. असल्या गाडीतून रस्ता दिसत नाही, माणूस दिसत नाही, कुणी चिरडलं तर कळायचंही नाही. कोपऱ्यावर गाडी एका दमात वळली. पाववाल्यानं हात जोडले. मोजणीदारांनी तिकडं पाहिलं नाही. आडव्या दांडीखालून जाताना त्यांनी उगीचच मान खाली घातली.

आठ पंचवीसला ते आत होते. नव्वदपर्यंत जायला आता नऊच दिवस उरले होते. मुलीनं गुडघा हळूहळू वाकवला, काकूंनी दात-ओठ आवळले, आणि पट्टी लावून झाल्यावर मुलगी म्हणाली, "सत्त्याहत्तर."

काकूंनी डोळे उघडले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडं पाहिलं.

"सत्त्याहत्तर," मोजणीदार मोठ्यानं म्हणाले. आणि मग, अजून घुश्शातच, खिशातून वही काढून त्यांनी तो आकडा लिहिला.