अण्णाच्या काळ्या कोंबड्या

सकाळच्या पूजेत होतो. फोन मालतीने, माझ्या बायकोने, घेतला आणि माझ्या कानाला लावला. पलीकडे बाईचा आवाज होता. "मी सुमन बोलते, श्रीगोंद्याहून. सर गेले." कोणते सर, असं मी विचारलं. खरंच विचारलं. ती म्हणाली, "तुमचे भाऊ."

या गोष्टीला दीड महिना झाला. अण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. देवळाली प्रवरात आम्ही एकाच घरात राहत होतो, चुली वेगळ्या. आणि तो गेला घरापासून चार तासांवर, एका जुन्या विद्यार्थिनीच्या वस्तीवर, कोंबड्यांच्या खुराड्यासमोर. पहिल्या गाडीने पोचला, पाणी मागितलं आणि सुमन तांब्या घेऊन येईपर्यंत संपला होता. त्याला आणायला गेलो तेव्हा तिने अंगणात सतरंजीवर निजवलं होतं. विजारीला भुसा चिकटलेला होता. तो मी झटकला. त्याच्या अंगाला माझा हात लागून कित्येक वर्षं झाली होती.

अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचा. मी वडिलांची भिक्षुकी पुढे चालवली. वहिनी गेली, मूलबाळ नव्हतं, आणि निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्याने ओळखीच्या एका पशुवैद्याकडून सहा काळी पिल्लं आणली. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प. ते नाव त्याने मला दोनदा सांगितलं, मी दोन्ही वेळा न ऐकल्यासारखं केलं. त्याचं म्हणणं साधं होतं. वर्गात पोरं उपाशीपोटी येताना त्याने तीस वर्षं पाहिली होती. ही कोंबडी भरपूर अंडी देते, कोंबडा चांगलं वजन धरतो, परसात चार दाणे आणि उष्टं-खरकटं यांवर निभावते. दोन्ही कामांची एकच जात, आणि आपल्याकडे ती कुणाकडेच नाही. ती शुद्ध राखायची आणि गरजू घरांना उबवणीची अंडी द्यायची, एवढाच बेत. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या अंडं आलं नव्हतं. मी म्हणालो, बाबा असते तर? तो म्हणाला, "बाबा नाहीत. परस माझ्या वाटणीचं आहे."

पक्षी देखणे होते, हे आज लिहायला हरकत नाही. काळ्या पिसांवर उन्हात हिरवी झाक यायची. लोकांना ते कडकनाथ वाटत. मग कापल्यावर मांस पांढरं निघतं म्हटलं की मंडळी पाठ फिरवत, आणि अण्णा हसत नसे की चिडत नसे, नवा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगे. गावठी कोंबडा कुंपणावरून आत आला तर तो काठी घेऊन धावायचा. भेसळ झाली की संपलं, म्हणायचा. भुसा चार दिवसांनी बदलायचा, चुना मारायचा. वास येत नव्हता. हेसुद्धा आज लिहितो.

पुढे एके दिवशी त्याने परसात तीन दगड मांडून अंडं उकडलं आणि उभ्याउभ्या खाल्लं. साठी उलटलेला माणूस. आपण देतो ते आपल्याला चालत नाही, हे बरोबर नाही, असं काहीसं म्हणाला. त्या दिवसापासून मालतीने त्याच्याकडे आमटीची वाटी पाठवणं बंद केलं. मी तिला अडवलं नाही. त्यानेही कधी विचारलं नाही. संध्याकाळी त्याच्या खोलीत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवत असू.

मग एका यजमानाकडे सत्यनारायणाच्या पंगतीत मला विचारलं गेलं, "गुरुजी, पंचामृतात आता अंडं घालायचं का?" सगळे हसले. विचारणारा स्वतः दर रविवारी कोंबडी खाणारा माणूस. त्याच्यावर चिडायचं सोडून मी घरी आलो आणि नगरपरिषदेला अर्ज लिहिला. दुर्गंधी, डास, रोगराई, लहान मुलांचं आरोग्य. खाली सही नाही, नुसतं 'समस्त नागरीकांच्या वतीने'. सगळे नागरिक म्हणजे मी एकटा.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. कुणीतरी तिला अर्जाची झेरॉक्स जोडली होती. अण्णा ती घेऊन ओसरीवर आला. मी पोथी उघडून बसलो होतो. त्याने कागद माझ्यासमोर ठेवला, चष्मा काढला आणि वर्गात बोलावं तसं शांतपणे म्हणाला, "'नागरिक'मधली 'रि' ऱ्हस्व. लहानपणीही तू इथंच चुकायचास." एवढंच. आवाज चढला नाही. तो भांडला असता तर मी आजवर त्याला दोष देत जगलो असतो. ती सोय त्याने मला ठेवली नाही.

श्रीगोंद्याला दिलेली त्याची विद्यार्थिनी सुमन टेम्पो घेऊन आली. अण्णाने एकेक कोंबडी स्वतः उचलून दिली. मी खिडकीतून पाहत होतो. त्यानंतर दर गुरुवारी तो पहाटेची एसटी धरून नगरला जायचा, तिथं गाडी बदलून पुढे श्रीगोंदा, आणि संध्याकाळी परत. सत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेले. एकदा मालती म्हणाली, तुम्ही सांगा ना त्यांना, झेपत नाही आता. मी म्हणालो, त्याचा तो मुखत्यार आहे. सात वर्षं तो गुरुवारी निघताना दार ओढून घ्यायचा आणि मी आतून कडी लावायचो. आमच्यातलं बोलणं एवढंच उरलं होतं.

शोकसभा शाळेत झाली. जे त्याला पाठीमागे 'कोंबडीमास्तर' म्हणायचे, ते व्यासपीठावर त्याला द्रष्टा म्हणाले. नगरपरिषदेतले एक जण पर्यावरणावर बोलले. शेवटी मला उभं केलं. मी म्हणालो, अण्णाने आम्हाला भूतदया शिकवली. टाळ्या पडल्या... सुमन मागच्या रांगेत बसली होती. तिने टाळी वाजवली नाही.

गेल्या आठवड्यात मी श्रीगोंद्याला गेलो. अण्णाच्या खोलीत भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं सापडलं होतं, पिल्लं नेण्या-आणण्याचं. ते काखेत धरून दोन गाड्यांनी गेलो तेव्हा कळलं, ही वाट केवढी लांब आहे. सुमन ओट्यावर अंड्यांवर पेन्सिलीने तारखा घालत होती. सरांनी लावलेली सवय, म्हणाली. तिच्याकडून परिसरातल्या अकरा घरांत ही जात गेली होती, मला त्यातलं काही माहीत नव्हतं. चहा झाल्यावर मी विचारलं, दोन कोंबड्या आणि एक कोंबडा मिळेल का, परसात पुन्हा ठेवीन म्हणतो.

तिने हातातलं अंडं टोपलीत ठेवलं. "न्हाई देनार, गुरुजी."

"अण्णाने तसं सांगून ठेवलं होतं?"

"सर असलं कधी बोलले न्हाईत. तुमच्याबद्दल वाकडा शब्द न्हाई त्यांच्या तोंडात. एवढ्या वर्षांत एकदा बी न्हाई." ती पुन्हा तारखा घालू लागली. "मीच देत न्हाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तिने रस्त्यापर्यंत सोबत केली, गाडीला हात केला. गाडीत कंडक्टरने खोक्याकडे पाहून विचारलं, काय जित्राब आहे का आत? मी नाही म्हणालो.

खोकं पुन्हा अण्णाच्या खोलीत ठेवलं आहे. तळाला जुना भुसा आहे आणि एक काळं पीस. खोली झाडून-पुसून कुणा पाहुण्याला उपयोगी पडेल अशी करावी, असं मालती म्हणते. तिचं चूक नाही. पण केरसुणी घेऊन मी दोनदा त्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा बाहेरचीच ओसरी झाडून परत आलो.