रेडिओबाईंची युक्ती

सोनोग्राफीच्या खोलीत पोटाला जेल लावणाऱ्या आणि नंतर पुसून देणाऱ्या बाईंना सगळे रेडिओबाई म्हणत. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. नवरा अबोल मिळाला, म्हणून दोघांच्या वाटचं एकटीलाच बोलावं लागतं, असं त्या सांगायच्या. डॉक्टरीणबाई वैतागत, पण गप्प बसा म्हणत नसत, कारण त्या बडबडीत एक युक्ती होती. तपासताना काही वावगं दिसून डॉक्टरीणबाईंचा हात एकाच जागी घोटाळायला लागला, की रेडिओबाई पेशंटला विचारायच्या, "आज भाजी काय केलीस गं?" पेशंट भाजीत गुंतायची आणि डॉक्टरीणबाईंना नीट बघायला सवड मिळायची.

ही युक्ती त्यांनी घरी लेकीला हसत हसत सांगितली होती. कुठून बुद्धी झाली, असं त्यांना आता वाटत होतं. सातव्या महिन्यातली लेक त्याच टेबलावर होती आणि डॉक्टरीणबाईंचा हात बाळाच्या डोक्याशी थांबला होता.

रेडिओबाईंनी भाजीचं विचारावं तर लेक ओळखणार. गप्प राहावं तरी ओळखणार, कारण जन्मात त्या कधी गप्प बसल्या होत्या? इकडे आड, तिकडे विहीर. पडद्यावरचं त्यांना काही कळत नसे, पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा कळत होता.

"बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता थोडाच दिसतोय. वाढतोय की थांबलाय, ते आठवड्याने पुन्हा बघू."

"माझ्या हातून काही चुकलं का?" लेकीने विचारलं.

"नाही. तुझा काही दोष नाही."

"बाळ वाचेल ना?"

"ठोके नीट आहेत. त्यापुढचं आज नाही सांगता येणार मला."

तो आठवडा रेडिओबाईंनी कसा काढला, ते त्यांनाच ठाऊक. जेल लावत, पुसत, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. पेशंट विचारायच्या, तब्येत बरी नाही का?

आठवड्याने लेक पुन्हा टेबलावर आडवी झाली. डॉक्टरीणबाईंचा हात डोक्यापाशी आला आणि थांबला. थांबूनच राहिला. रेडिओबाईंनी टेबलाची कड धरली.

लेकीने पडद्याकडे पाहिलं नाही. आईचा जेलने चिकट झालेला हात तिने हातात घेतला.

"आई," ती म्हणाली, "आज भाजी काय केलीस गं?"

"कोबी," रेडिओबाई म्हणाल्या.