मामीनं बुडवलेली नाव

सन एकोणीसशे त्रेसष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि माझी सासू मला डोक्यावर पदर ओढून झापायची. जावयासमोर डोकं उघडं ठेवायचं नाही, ही तिची रीत. कमरेएवढ्या पाण्यात उभी असली, दोन्ही हातांत दोर असला, तरी आधी दातांनी पदर धरून पुढं ओढायची आणि मग तोंड सोडायची. तेही अहो-जाहो करून. "जवाईबापू, देवानं तुमाले अक्कल देली, पन तुमी ते धाडलेच इसरून आले काय?"

मी धाड गावाकडचा. विहिरीपलीकडं पाणी ठाऊक नव्हतं. भावांशी भांडून, पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवणार नाही असं सांगून निघालो आणि पूर्णेकाठी सासुरवाडीला राहिलो. घरजावई म्हटलं की लोक हसतात. हसोत. सासूला आम्ही मामी म्हणतो. मामीकडं शेत नव्हतं, एक नाव होती. सासरे गेल्यावर ती मामीच चालवायची. पावसाळ्यात बैलगाड्या नदीतून जाईनात, तेव्हा शेगावकडचं मीठ, गूळ, किराणा या नावेनं पार होऊन सोनाळ्याच्या बाजूला जायचा. पश्चिमेचा वारा सुटला की मामी शीड चढवायची. जुन्या मांजरपाटाचं, तिनंच शिवलेलं. शीड फुगलं की म्हणायची, "पाहा, फुकटचा गडी कामाले लागला. आमचा घरचा गडी तं खाऊन झोपते." तो घरचा गडी म्हणजे मी.

त्या साली शेगावच्या शेठनं निरोप पाठवला, नावेचा विमा उतरवा, नाही तर माल देणार नाही. विम्याचा साहेब नाव तपासायला येणार होता. नापास झाली तर पावसाळाभर नाव रिकामी, आणि मला धाडला भावांपुढं मान खाली घालून जावं लागणार. त्यापेक्षा डोह बरा.

नाव उन्हाळाभर बाभळीखाली पडून होती. फळ्यांमध्ये बोट जाईल अशा फटी पडल्या होत्या. मामीनं कापसाच्या वाती वळल्या, तेला-राळेत भिजवल्या आणि एकेक फट भरली. वरून डांबर. माझा हात ढिला पडला की म्हणायची, "बाळंतिनीचे कान बांधतेत तशी बांधा. जरा उघडं राह्यलं का संपलं." मी शेगावहून निळा रंग आणला आणि अख्खी नाव रंगवली. लोक पाहायला येऊ लागले. मामी एवढंच म्हणाली, "साजरी दिसते. आता बुडवा."

मला वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता. सुकलेलं लाकूड पाणी प्यालं की फुगतं आणि उरल्यासुरल्या फटी मिटतात, म्हणून ती दरसाल दगड भरून नाव दोन-तीन दिवस डोहात बुडवून ठेवायची. मी म्हटलं, "साहेब यायच्या तोंडावर? रंग जाईल."

"रंग गेला तं जाऊ द्या. मानसं तं राह्यतीन."

मी बाभळीला टेकून बसलो. ती एकटी दगड वाहू लागली. ते बघवेना, म्हणून उठलो. पटलं म्हणून नव्हे. नाव गुडगुड करत खाली गेली. काठावरून एक जण ओरडला, "काऊन बे, इमा उतरवाच्या आंधीच बुडवली?"

आणि साहेब एक दिवस आधीच आला. घामाघूम, काखेत कातडी पिशवी. "नाव कुठे आहे?"

मी पाण्याकडं बोट केलं.

"मला तर काही दिसत नाही."

"खाली हाये साहेब. आत्ता काढतो." मी दगड काढायला उतरलो, तोवर मामी बुडालेल्या नावेवर जाऊन उभी. "एक गोटा हालवला तं पाहा! आज काढली तं गळीन." मग साहेबाला, "उद्या या. कोरडी नाई निंगाली तं नापास लिवा. मीच सांगते, लिवा."

साहेब कोकणातला निघाला. रागावला नाही. "आमच्याकडेही बुडवतात," म्हणाला, "पण बाई, तिसऱ्यांदा मी येणार नाही."

"येऊच नोका."

साहेबाशी असं कोणी बोलतं का? तो हसत बैलगाडीत बसला आणि खालच्या उथळ उतारानं नदी ओलांडून सोनाळ्याला मुक्कामाला गेला. मी दिवसभर मामीशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तो परत आल्यावर गडी लावून नाव वर काढली, पाणी उपसलं. रंगाचे पापुद्रे सुटले होते. अजून थोडा वाळू दिला असता तर टिकला असता, हे माझं म्हणणं आजही आहे. साहेब बूट काढून आत बसला. मामीनं नाव डोहाच्या मधोमध नेऊन थांबवली. साहेब तळाच्या फळ्यांवरून तळहात फिरवत राहिला. शेवटी त्यानं हात उचलून उन्हात धरला. कोरडा होता.

काठावर येऊन त्यानं पेन काढलं. "ही कोणाच्या हवाली आहे? जबाबदार माणूस म्हणून कोणाला लिहू?"

सगळे मामीकडं बघत होते. मीही.

"जवाईबापूले लिवा," ती म्हणाली. "नाव त्याइचीच हाये."

ज्यांनी तीन वर्षं मला घरजावई म्हणून हिणवलं, ते सगळे तिथंच उभे होते. पुढं मी धाडला गेलो, पण पाहुणा म्हणून गेलो, भावांसाठी शेगावचे पेढे घेऊन.

मामी जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, आभार मानणं मला जमलं नाही. मला जमलं ते मी साहेब गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. उतारू बसतात त्या मधल्या फळीवर मामीला बसवलं आणि वल्हं मी घेतलं. जन्मात ती तिथं बसली नव्हती. "द्या ते इकडं!" ती हात पुढं करून भांडत राहिली. "नाव तिरपी जाऊन राह्यली, दिसत नाई काय?" पलीकडचा काठ लागेपर्यंत मी वल्हं दिलं नाही.