अंधारासाठी एक प्रश्न

माधव नगरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते मला एकदाच भेटले. भैरवगढला कापडावर ठसे छापणारे पन्नाशीचे कारागीर. बोटांत निळा रंग कायमचा मुरलेला. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान घरी शिकायचे तर कोणते पुस्तक घ्यावे, असे त्यांनी मला विचारले. मी निवृत्त शिक्षक. ग्रीकांपासून क्रमाने सात पुस्तके कागदावर लिहून दिली. ते मात्र एकेक पुस्तक उघडून नाकाशी धरीत आणि खाली ठेवीत.

"अक्षरांचा आकार पाहून पुस्तक निवडत नाहीत," मी म्हणालो.

ते हसले. "मास्साब, डॉक्टर ने आँखें दीवाली तक की बताई हैं. सात कहाँ होंगी! कोई एक सवाल दे दो, जो अँधेरे में बैठकर सोच सकूँ."

आयुष्यभर मी अभ्यासक्रम आखले. असा विद्यार्थी कधी गृहीत धरला नव्हता. त्यांच्या हातातल्या पुस्तकातला पहिलाच प्रश्न मी त्यांना हिंदीत सांगितला : आपल्याला जे दिसते, ते खरोखर तसेच असते का?

तो त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. मग फळीवरची मोकळी जागा बोटांनी चाचपून पुस्तक परत ठेवले आणि माझी यादीही नीट घडी घालून परत दिली.

"रखिए. किसी और के काम आएगी."