रविवारची जाहिरात

त्या बुधवारी गुरुजी बँकेतून घरी आले आणि रेडिओ जागेवर नव्हता.

माझ्या पोलिसातल्या नोकरीत याहून मोठे गुन्हे पुष्कळ आले. मनात मात्र हे प्रकरण राहिलं. गुरुजी सिडकोत राहणारे निवृत्त शिक्षक. पत्नी वर्षापूर्वी गेलेली. घरात ते आणि मुलगा. रेडिओ कित्येक महिने बंद होता, तरी ते दिवसभर त्याच्यासमोर बसत. त्यांनी ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि संशयित म्हणून स्वयंपाकाच्या मावशींचं नाव लिहिलं. ठपका बसला असता तर मावशींची बाकीची घरंही सुटली असती.

चौकशीला मावशी आल्या त्या उभ्याच राहिल्या. "साहेब, न वाजणारा डबा मी कशाला नेऊ? रोज पुसून माझेच हात दुखतेत."

मी स्टेशन डायरीत नोंद केली. गुन्हा दाखल करण्याची घाई केली नाही.

सोमवारी खबर मिळाली. मोबाइलवर जुन्या रेडिओंच्या शौकिनांचा एक गट होता. त्याचे प्रमुख गुरुजींच्या ओळखीचे. ते स्वतःच ठाण्यात आले.

"आमच्यात जाहिरात फक्त रविवारी, साहेब. आणि रेडिओ वाजताना त्याच आठवड्यात रेकॉर्ड करून टाकायचा. नुसत्या फोटोवर कोणी घेत नाही."

शहागंजच्या एका दुकानदाराने शुक्रवारीच जाहिरात टाकली होती. गटातले लोक तुटून पडले: "शेठ, कॅलेंडर विकलं का?" "आधी आवाज ऐकवा!" त्याने ती काढून रविवारी आवाजासकट पुन्हा टाकली. फोटोत एका बटणाच्या जागी कपाटाची पितळी मूठ होती. ती प्रमुखांनी गुरुजींच्या घरी पाहिली होती.

दुकानदार रेडिओ घेऊन हजर झाला. ओळख पटवायला गुरुजींना बोलावलं. मी रेडिओ लावून पाहिला. वाजला नाही.

"मग जाहिरातीत कसा वाजतो?"

"कसम से साहेब, चोरीचा माल मी घेत नाही. देणाऱ्यानंच जुनं रेकॉर्डिंग पाठवलं. गटाचा नियम मोडला, तेवढं कबूल."

तो फोनमध्ये नाव शोधू लागला. तोवर मी जाहिरातीतला आवाज लावला. बातम्या चालू होत्या. मागून एक बाई म्हणाली, "अहो, चहा निवतोय. बातम्या काय पळून जात नाहीत." मग तरुण हसणं: "आई, थांब ना, रेकॉर्ड करतोय."

दुकानदाराला नाव सांगावं लागलं नाही. गुरुजींनी टेबलाची कड धरली. "साहेब, परत लावा," एवढंच म्हणाले. मी तीनदा लावला.

मुलगा आला. "आई गेल्यापासून बाबा त्या बंद रेडिओपुढून उठत नाहीत. तो गेला तर जेवतील तरी, वाटलं." रेकॉर्डिंग त्याने शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं.

गुरुजींनी अर्ज मागे घेतल्याचा जबाब लिहून दिला. मग मावशींपुढे हात जोडले. "बाई, चुकलं माझं."

"हात खाली करा, गुरुजी. उद्या दोन भाकरी खायच्या, मग बघू."

चोरीच्या अर्जात पहिलं नाव घरकामाच्या बाईचं असतं. त्यानंतर असं नाव वाचलं की मी आधी विचारत असे, घरात आणखी कोण राहतं?

पुढे मी निवृत्त झालो. माझी पत्नीही गेली. आता मीही त्या गटात आहे. रविवारच्या जाहिराती मी नीट ऐकतो. रेडिओ मला घ्यायचा नसतो. मागं कोणी बोलतंय का, ते ऐकायचं असतं. माझ्याकडे पत्नीचे फोटो आहेत, आवाज नाही.

गुरुजी मागच्या वर्षी वारले. रेडिओ मुलाकडे आहे. विक्री रद्द झाली की जाहिरात काढून टाकायची, असा गटाचा नियम आहे. ती एक जाहिरात प्रमुखांनी काढलेली नाही.