भुराबाईचे चिंचोके

लोणखेड्याच्या पाटलांची चार नातवंडं भुराबाई दिवसभर अशी रमवायची, की घरात रडं म्हणून ऐकू येत नसे. ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या, चिंचोक्यांवर शंभरापर्यंत मोजणी, सारं खेळता खेळता. "हिना हातमा जादू शे," पाटलीण भुराबाईकडे बोट दाखवून चारचौघींत मिरवायची. मेलं कौतुक! भुराबाईची स्वतःची तीन वर्षांची पोर तेव्हा झोपडीत एकटी निजलेली असायची. कामावर निघताना आईच तिला अफूची गोळी चारायची. रोजाला जाणाऱ्या साऱ्याच आया चारत.

आखाजीच्या सणाला सुटी मिळाली. भुराबाईने हौसेने लेकीपुढे पाच चिंचोके मांडले.

"मोज वं माय, एक..."

पोरीने एक चिंचोका उचलून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि शहाण्यासारखी आडवी झाली.